मुक्काम पक्का आहे ना?

सिंगापुरात, वुडलँड्सच्या घरी परत येऊन तीन आठवडे झाले, पण अजूनही कुणी भेटलं की फिरून फिरून तोच प्रश्न. फोटो बघून होतात, गाडीत झोपता कसं आणि संडासाचं काय, हेही विचारून होतं, आणि मग माणूस जरा पुढे सरकून म्हणतो, "पण कॅम्पसाइट आधीच बुक केल्या होत्या, की जाल तिथे मुक्काम?" बिशानच्या माझ्या मैत्रिणीने तर मला वही-पेन घेऊन समोर बसवलं. त्यांना डिसेंबरात जायचंय. चहा गार होईपर्यंत मी बोलत राहिले, शेवटी तिने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "अगं, हो की नाही एवढंच सांग ना!" तेवढंच तर सांगता येत नाही. म्हणून आता लिहूनच काढते.

निघताना माझं मत पक्कं होतं, बुकिंग करायचंच नाही. सिंगापुरात अकरा वर्षं काढल्यावर माणसाला बुकिंगचा वीट येतो. बॅडमिंटनचं कोर्ट बुक करा, दाताचा डॉक्टर बुक करा, बागेत मक्याची कणसं भाजायची तर शेगडीचा कट्टासुद्धा बुक करा. हे ऐकून बाबा म्हणाले होते, "बाप्पा! कणसालेही बुकिंग?" मला एकदा तरी असं जायचं होतं की संध्याकाळ जिथे होईल तिथे गाडी थांबवावी, दार उघडावं आणि समोर समुद्र असावा. रोज ऑफिसातून आले की आमच्या अकराव्या मजल्याच्या खिडकीतून कॉजवेच्या पुलापलीकडचे, मलेशियातल्या जोहोरचे दिवे दिसतात. ते बघत बघत मी ही सहल मनात किती वेळा केली असेल, त्याला हिशेब नाही.

बाबा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त, मुक्काम नागपूर. आई गेल्यानंतर दुसऱ्यांदा आमच्याकडे आले होते. मलेशियाच्या अगदी वरच्या टोकाला, थायलंडच्या हद्दीजवळ, एका विहारात भलामोठा पहुडलेला बुद्ध आहे असं मी त्यांना मागच्या वर्षी फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांनी एकच धरलं होतं: बुद्धपौर्णिमेला तिथे वंदना म्हणायची. त्यासाठीच तर ही कॅम्परव्हॅन. माझा नवरा सुमेध गाडी चालवणार, आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला, मैत्रीला, शाळेची सुट्टी लागायच्या दोन दिवस आधीच परवानगी काढून उचलणार, आणि चौघांनी पूर्व किनाऱ्याने चार दिवस वर जायचं.

बाबांची अट एकच होती. "प्रत्येक मुक्काम पक्का पायजे. कागद हातात आल्याशिवाय मी घराबाहेर पाय ठेवत नाही."

बाबांची ही सवय मला लहानपणापासून ठाऊक. कुठे जायचं तर आधी जबाबी कार्ड टाकायचं. पलीकडून 'या, व्यवस्था केली आहे' असं उत्तर आलं, की ते कार्ड सदऱ्याच्या खिशात घालून मगच निघायचं. आम्ही भावंडं त्यांची टर उडवायचो. आता मी काय केलं, तर चार कॅम्पसाइटची नावं, पत्ते, तारखा असा एक झकास तक्ता करून रंगीत छापून आणला. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारलं, "हे पक्कं आहे ना, बाई?"

"हो बाबा, पक्कं."

एकाही ठिकाणी मी साधा फोनही केला नव्हता. सुमेधने रात्री म्हटलं, "सांगून टाक त्यांना." मी म्हटलं, "सगळीकडे जागा असते रे. त्यांना कळणारसुद्धा नाही." बाबांनी तो कागद निळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि सोबत एक पेन्सिल ठेवली.

निघायच्या आदल्या दिवशीची एक गंमत सांगितलीच पाहिजे. आम्ही घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवायला गेलो. टेबलावर टिश्यूपेपरचं एक छोटं पाकीट पडलेलं. बाबांना वाटलं, खानावळीत पाण्याचा जग असतो तशी ही सगळ्यांसाठीची सोय. त्यांनी पाकीट फोडलं आणि छानपैकी चष्मा पुसला. तेवढ्यात एक चिनी आजी नूडल्सचा ट्रे घेऊन आल्या, "अंकल, धिस वन माय सीट!" बाबा असे ताडकन उठले की खुर्चीच पडली. इतकं घाबरण्यासारखं काय होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मग मैत्रीने त्यांना समजावलं, "आजोबा, टिश्यू ठेवला की सीट त्यांची. यू कॅनॉट सिट, ला."

"म्हणजे आपण यष्टीत खिडकीतून रुमाल टाकतो तसं?"

"पण तिथे रुमाल फेकून देतात की लोक," मी म्हटलं.

बाबा जेवण होईपर्यंत आजूबाजूच्या टेबलांवरची पाकिटं बघत होते. केवढी गर्दी, लोक ट्रे घेऊन घिरट्या घालताहेत, पण पाकिटाला कुणी हात लावत नाही. "कोणाचं आहे, नावही नाही त्याच्यावर," ते म्हणाले, "तरी जागा राहते." परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी एक पाकीट विकत घेऊन खिशात टाकलं.

मर्सिंग

कॉजवे ओलांडून जोहोरला गाडी ताब्यात घेतली. गाडी कसली, चाकांवरची खोलीच! मागे पलंग, मध्ये दोन चुली, ड्रायव्हरच्या डोक्यावर मैत्रीचा माळा. शहर संपलं आणि पामतेलाच्या झाडांची राई सुरू झाली, ती दुपारपर्यंत संपेचना. एकसारखी झाडं, एकसारखी सावली. बाबा खिडकीशी बसून बघता बघता डुलकी घेत, जागे होत, आणि बाहेर तेच. "आपण पुढं चाललो ना?" त्यांनी एकदा खरंच विचारलं.

मर्सिंगला संध्याकाळी पोचलो तर कॅम्पसाइट अख्खी रिकामी. बाबा फोल्डर घेऊन उतरायच्या आत सुमेध धावत काउंटरवर गेला आणि दोन मिनिटांत हात हलवत आला. बाबांनी तक्त्यावर पेन्सिलीने टिक केली. सुरूच्या झाडांमधून समुद्र दिसत होता, भरती होती पण आवाज इतका हलका की कुणी शेजारच्या खोलीत साडी झटकतंय असं वाटावं. मी तांदूळ-मुगाची खिचडी टाकली, बाबांनी नागपूरहून आणलेल्या सांडग्या मिरच्या तळल्या, त्यांच्या ठसक्याने शेजारची मांजरं पळून गेली. मी मनात म्हणत होते, बघ, उगाच घाबरत होतीस.

चेराटिंग

दुसऱ्या दिवशी चेराटिंगला शेवटची एक जागा उरली होती. सुमेध परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, आणि माझ्याकडे त्याने असं काही पाहिलं की मी नजर चुकवली. बाबांनी दुसरी टिक केली.

तिन्हीसांजेला होडीतून नदीत काजवे बघायला गेलो. नावाड्याने इंजिन बंद केलं. काठावरचं झाड आधी नुसतं काळं होतं, मग त्यात एक ठिणगी, मग दहा, मग सगळं झाडच श्वास घ्यावा तसं उजळायला आणि विझायला लागलं. एक काजवा बाबांच्या बाहीवर येऊन बसला. बाबा हलेनात. "आमच्या भंडाऱ्याच्या धुऱ्यावर असे राहत," ते पुटपुटले. "मिरगाच्या आधी." मैत्रीने त्यांचा हात धरला होता. परत आल्यावरही मला डोळे मिटले की ते झाड दिसत होतं.

तिसरा दिवस

तेरंगानूत दुपारी निळा भात खाल्ला. गोकर्णीच्या फुलांच्या पाण्यात शिजवलेला, वर किसलेलं खोबरं, कच्च्या भाज्या आणि तळलेला मासा. बाबांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हा भात आहे की शाई?" पण खाल्ला चाटूनपुसून, आणि म्हणाले, सावजीचा रस्सा असता यावर तर मजा आली असती.

दुपारनंतर रस्त्यावर गाड्या वाढल्या. शाळांना सुट्टी लागली होती, पौर्णिमेची सुट्टी तिला जोडून. गाड्यांच्या टपांवर तंबू, मागे सायकली. तक्त्यातल्या तिसऱ्या कॅम्पसाइटवर पोचलो तर फाटकापर्यंत गाड्या. गाडी मागे घेता घेता सुमेधच्या नाकी नऊ आले, मी खाली उतरून त्याला वळण दाखवत होते. वळून पाहते तर बाबा निळं फोल्डर घेऊन काउंटरशी उभे.

मी धावले. पोचेपर्यंत तो काउंटरवरचा माणूस तक्ता बघून झाला होता. फार नम्रपणे त्याने विचारलं, "नेम, अंकल?"

बाबांनी पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट, स्पष्ट, ताठ उभं राहून, मुलाखतीत सांगतात तसं.

त्याने रजिस्टरवरून बोट फिरवलं. एक पान, दुसरं पान. "नो नेम, अंकल. सॉरी. फुल."

त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण बाबांचा चेहरा मी पाहिला, आणि मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. ते भांडले नाहीत. कागद पुन्हा दाखवला नाही. तो नीट फोल्डरमध्ये ठेवला, "थँक यू" म्हणाले, आणि हळूहळू चालत गाडीत जाऊन बसले.

गाडी हमरस्त्याला लागल्यावर मी सगळं सांगून टाकलं. की काहीच पक्कं नव्हतं. की तो नुसता तक्ता होता. बाबा फोल्डर मांडीवर घेऊन समोर बघत होते. उजवीकडे समुद्र होता, दुधट रंगाचा, आणि कितीतरी किलोमीटर गेलो तरी त्यांनी मान वळवली नाही.

"खोटं बोलली त्याचं मले एवढं नाही," ते शेवटी म्हणाले. "पण मी तिथं नाव सांगितलं ना, बाई."

मग त्यांनी सांगितलं, जे मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी पहिली नेमणूक एका तालुक्याच्या गावी झाली. ट्रंक घेऊन यष्टीतून उतरले आणि खोली शोधायला निघाले. पहिल्या घरच्या मालकांनी बसवलं, पाणी दिलं, खोली दाखवली. सरकारी नोकर म्हणून खुशीत होते. मग विचारलं, "नाव काय म्हणालात? पूर्ण?" बाबांनी सांगितलं. "अरे, ही खोली तर आमच्या पाहुण्यांना कबूल केली आहे, लक्षातच नव्हतं." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरी आतून गडव्यावर पाणी ओतल्याचा आवाज आला, बाबा ज्यातून प्यायले होते तो गडवा घरच्या बाई धुवत होत्या. मग अकरा दिवस बाबा खात्याच्या गोदामात सिमेंटच्या पोत्यांवर झोपले.

"तेव्हा ठरवलं," बाबा म्हणाले. "कोणाच्या दारात उभं राहून जागा मागायची नाही. आधी लिहायचं, नावासकट. उत्तर आलं तं जायचं. मंग दारात कोणी नाव विचारलं तरी फिकीर नाही."

सुमेधने गाडी बाजूला घेतली. मी मागे जाऊन बाबांच्या पायाशी बसले आणि रडले, अगदी लहान मुलीसारखी. ज्या जबाबी कार्डांना आम्ही हसायचो ती सगळी डोळ्यांसमोर आली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण लवकर काढूनही घेतला. "आपण परत जाऊ," ते म्हणाले. "सिंगापूरले. मले नाही जायचं आता पुढं."

पौर्णिमा दुसऱ्या दिवशीच होती, आणि विहार दोन तासांवर. मैत्री माळ्यावरून खाली डोकावून सगळं ऐकत होती. तिला किती कळलं कोण जाणे.

परत वळायच्या आधी चहा तरी घेऊ म्हणून एका टपरीशी थांबलो. एक पोक्त मलय बाई माशाच्या पिठाचे लांब तुकडे तळत होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात झारा. आम्हाला बघून तिने पहिलंच विचारलं, "दाह माकान?" म्हणजे जेवलात का. मी बाबांना सांगितलं. "हे तं आपल्यासारखंच," ते नाइलाजाने म्हणाले. तिचा मुलगा सिंगापुरातच कामाला होता, त्यामुळे तिला थोडं इंग्रजी येत होतं. सगळे तिला माकचिक म्हणत होते, म्हणजे मावशी. सुमेधने चहा घेता घेता सहज सांगितलं, की मुक्कामाला जागा नाही मिळाली, परत चाललोय.

माकचिकने झाऱ्यानेच टपरीच्या मागे दाखवलं. "सिनी." इथे.

मागे तिचं लाकडी घर होतं, खांबांवर उभं. भोवती वाळूचं अंगण, नारळाची झाडं, आणि पलीकडे खाडीचं संथ पाणी. अंगणात बांबूचा एक माचा होता, आपल्या बाजेसारखा. विहिरीशी न्हाणीघर. तिने नळ दाखवला, दिवा दाखवला आणि परत तळायला निघाली.

बाबा गाडीच्या दारातच उभे. "तिले विचार," ते मला हलकेच म्हणाले. "नाव लिहून घेत असन. पासपोर्ट दाखवायचा असन. आत्ताच विचार, मंग नको."

मी विचारलं. "माकचिक, नाव हवंय? पासपोर्ट?"

"कशाला?" ती म्हणाली. मग एकदम काहीतरी आठवून वळली, वर बोट दाखवलं आणि जरा रागावूनच म्हणाली, "फक्त नारळाखाली गाडी लावू नका. फळ पडतं डोक्यात."

मी मराठीत सांगितलं. बाबांनी वर नारळाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच, बाबा."

सुमेधने गाडी चार हात पुढे घेतली. बाबा माच्याच्या कडेला बसले. आधी नुसते टेकले, बोलावणं येईल तर पटकन उठता यावं असे. चंद्र खाडीच्या पाण्यातून वर आला, जवळजवळ पूर्ण, भाकरीएवढा. माकचिक टपरी बंद करून आली आणि मैत्रीला तिची कोंबडी दाखवत बसली. थोड्या वेळाने पाहिलं तर बाबांनी चपला काढून पाय वर घेतले होते. आणखी थोड्या वेळाने ते चक्क आडवे होते, हाताची उशी करून, आभाळाकडे बघत. मी अंगावर चादर घालायला गेले तर म्हणाले, "वंदनेचे पांढरे कपडे इस्त्री केले होते ना? चुरगळले नाहीत ना?"

माझा जीव भांड्यात पडला. पण अपराधीपण जाईना, म्हणून झोपायच्या आधी फोन घेऊन बसले आणि परतीचे सगळे मुक्काम खरेखुरे बुक केले. उद्याचा विहाराजवळचा सुद्धा, दुप्पट पैसे पडले तरी.

पौर्णिमा

सकाळी माकचिकने वाटीत काहीतरी गरम आणून दिलं. सोललेले मूग, नारळाचं दूध, ताडगूळ. बाबा पांढऱ्या सदऱ्या-पायजम्यात तयार होते. त्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि माझ्याकडे बघत राहिले. आमच्या घरी बुद्धपौर्णिमेला आई खीर करायची. ती गेल्यापासून कुणी केली नव्हती. माकचिकला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. ती तर बाबांच्या वाटीत आणखी वाढायलाच टपली होती.

निघताना मी सामान भरत होते आणि बाबा माच्यापाशी काहीतरी करत होते. जवळ गेले तर त्यांनी खिशातलं टिश्यूचं पाकीट काढून बांबूवर मधोमध ठेवलं होतं.

"बाबा, हे काय? आजचा मुक्काम बुक केलाय मी. खरोखर केलाय, हे बघा."

त्यांनी माझ्या फोनकडे पाहिलं. "चांगलं केलं. आता ते कॅन्सल कर."

विहार दोन तासांवर. भातशेतांच्या मधोमध तो बुद्ध पहुडला होता, उजव्या कुशीवर, इतका लांब की पायांपासून चेहऱ्यापर्यंत चालत जायला वेळ लागला. थाई आजीबाई कमळाच्या कळ्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सरकून बाबांना जागा केली. बाबांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली आणि बाजूच्या आजीने आपल्या चालीत तेच शब्द उचलले. दोघांची चाल वेगळी, पण शब्द बरोबर जुळत होते. मी डोळे मिटून ऐकत राहिले. पंखा फिरत होता, मेणाचा वास येत होता, आणि मला मधेच कळेना की मी नागपूरच्या आमच्या वस्तीतल्या विहारात आहे की इथे.

परतताना पाऊस भुरभुरला आणि वारं सुटलं. तासाभराने बाबा हळूच म्हणाले, "पाकीट उडालं असन."

"उडालं तर उडालं. माकचिक काय नाही म्हणणार आहे?"

"तसं नाही," ते म्हणाले, आणि वाऱ्याने हलणारी झाडं बघत राहिले.

टपरीशी पोचलो तेव्हा तिथे भलतीच गर्दी. दोन गाड्या अंगणात शिरलेल्या, सुट्टीवर निघालेली मंडळी चहा पीत, कुणी पायरीवर, कुणी विहिरीच्या कठड्यावर बसलेली. बाबा गाडी पूर्ण थांबायच्या आधीच उतरले, आणि फोल्डर गाडीतच राहिलं.

माचा रिकामा होता. मधोमध टिश्यूचं पाकीट तसंच होतं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर कुणीतरी नारळाची करवंटी पालथी घातली होती.

बाबांनी करवंटी उचलून बाजूला ठेवली, पाकीट खिशात टाकलं, चपला काढल्या आणि पाय वर घेऊन ऐसपैस बसले. "जावईबापू," त्यांनी ओरडून सांगितलं, "गाडी नारळाखाली लावू नका!"